४१७ क्रमांकाच्या फोटोवरचे हात

स्पर्शवाचक नावाचं यंत्र ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर चढवायला आठ माणसं लागली. यंत्र होतं जेमतेम लोखंडी कपाटाएवढं, पण त्याच्या पोटातल्या काचा भलत्याच नाजूक. त्यामुळे ते घेऊन आलेली संशोधक डॉ. शर्वरी लोंढे मागून चढताना पायरीपायरीला "सावकाश, अहो सावकाश" असा जप करत होती. वर अभिलेखागाराच्या दारात हेमलताबाई आवटी रजिस्टर घेऊन उभ्या होत्या. या दारातून आत गेलेली प्रत्येक वस्तू तेहतीस वर्षं त्यांनीच नोंदवून घेतली होती, तेव्हा यंत्राचीही रीतसर नोंद झाली : नऊ जानेवारी दोन हजार अडतीस, नग एक, स्थिती उत्तम.

कृष्णाकाठ विद्यापीठ सांगलीहून मिरजेकडे जाताना लागतं. त्याच्या ग्रंथालयाचा खालचा मजला परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी फुलून जाई. वर मात्र महिन्यातून एखादा संशोधक फिरकला तर फिरकला. तिथे होती एका पैलवानाची गदा, संस्थानच्या डॉक्टरांची चामडी पिशवी, कुठल्याशा नाटक कंपनीचे मुकुट आणि जवळपास नऊ हजार फोटो. या सगळ्यांच्या सोबतीत आपल्याला काही कमी नाही, असं हेमलताबाई म्हणत. वय सत्तावन्न. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणारे लोकही आता उरले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून क्वार्टरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच. संध्याकाळी घरी गेल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, तेवढंच काय ते संभाषण.

यंत्र कसं चालतं ते शर्वरीने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना बसवून समजावलं. माणूस कशालाही हात लावतो तेव्हा बोटांवरचं थोडं तेल, घामातले क्षार आणि कातडीच्या मेलेल्या पेशी मागे ठेवून जातो. जुन्या फोटोंच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. हवा दमट झाली की तो फुगतो, कोरडी झाली की आक्रसतो, आणि असं होताना वर पडलेला स्पर्श गिळून टाकतो. पुन्हा कोणी हात लावला की त्यावर दुसरा थर. अशा शेकडो थरांची चळत एकेका कोपऱ्यावर साचलेली असते. बोटांचं तेल ठरलेल्या गतीने जुनं होतं, त्यामुळे कुठला थर साधारण कधीचा हे काढता येतं, आणि प्रत्येकाच्या कातडीतल्या प्रथिनांची घडण वेगळी, त्यामुळे तो कोणाचा हेही. स्पर्शवाचक मोहरीएवढ्या जागेवरचे थर लेसरने एकेक करून उडवतो आणि त्यांची वाफ तपासतो.

"म्हणजे हातांची रोजनिशीच झाली की," कोणीतरी म्हणालं.

"हो, पण एकदाच वाचता येणारी," शर्वरी म्हणाली. "वाचला तो थर गेला. मग तो कुठेच नाही."

सहा महिन्यांत या यंत्राने जिल्ह्यात धमाल उडवली. एका संस्थेत काचेच्या पेटीत पूजली जाणारी दौत तिच्या थोर मालकाने कधी हातातही धरली नव्हती, असं निघालं. एकाच आईच्या सेवेवरून वर्षानुवर्षं भांडणारे दोन भाऊ तिच्या चष्म्याचं घर घेऊन आले आणि निकाल ऐकून एकमेकांकडे न बघता दोन वाटांनी गेले. सोमवारी सकाळी जिन्यावर लोकांची रांग लागू लागली. कोणाच्या हातात पोथी, कोणाच्या हातात वडिलांचं घड्याळ, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून तोच, आपल्या माणसाने आपली आठवण काढली होती का? शर्वरी वैतागून म्हणायची की मी इतिहासासाठी यंत्र आणलं, लोक माझ्याकडे कौल लावायला येतात.

विद्यापीठाचं मुख्य काम मात्र संग्रहातल्या वस्तू वाचण्याचं. त्यात आधी कर्मचाऱ्यांचे स्पर्श वजा करावे लागतात. त्यासाठी वस्तू हाताळणाऱ्या सगळ्यांची यादी हवी होती. ती हेमलताबाईंनी अर्ध्या तासात करून दिली. आजवरचे अकरा जण, त्यांतले आठ हयात. त्या आठांच्या बोटांचे नमुने घेतले गेले.

सप्टेंबरातल्या एका दुपारी शर्वरीने त्यांना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, चारशे सतरा नंबरचा फोटो."

 हेमलताबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

तो फोटो १९३६ सालचा होता. मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या वसतिगृहाच्या पायऱ्यांवर अकरा जणी बसलेल्या. दहा जणी कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघतायत, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. अकरावीने ऐन वेळी मान वळवली आहे, त्यामुळे तिचा चेहरा हललेला आला आहे, पण ती हसते आहे हे स्पष्ट कळतं. बाजूने कोणीतरी तिला हाक मारली असावी. हेमलताबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा, कधी दोनदा, पावणेपाच वाजता त्या तेराव्या रांगेच्या अरुंद बोळात जात, पेटीची फीत सोडत आणि तो फोटो हातात घेत. उघड्या हातात. फोटो हाताळताना हातमोजे घालायचेच हा नियम त्याच नव्या माणसांना शिकवत असत. पण मोजे घालून त्या मुलीजवळ जावंसं त्यांना वाटलं नाही. कोणाला तरी कोणीतरी हाक मारतंय, हे नुसतं हातात धरून उभं राहिलं तरी त्यांना बरं वाटे.

"माझे हात सापडले असतील," त्या म्हणाल्या.

"तीनशे नव्वद वेळा," शर्वरी म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता. "पण मी त्यासाठी नाही बोलावलं. बाई, तुमच्या प्रत्येक थरावर दुसऱ्या कोणाचा तरी एक थर आहे."

"प्रत्येक?"

"दोन हजार सातपासून. तुमचा, त्याचा, तुमचा, त्याचा. पुरुषाचा हात आहे. तुमच्यानंतर जास्तीत जास्त दोन-तीन तासांत पडलेला, कारण मधे हवेने थर बसायलाही वेळ मिळालेला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी तो थांबतो. नेमकं साल सांगता येत नाही, दोन वर्षं इकडेतिकडे धरा. त्यानंतर फक्त तुमचाच आहे." शर्वरीने कागद पुढे सरकवला. "आठ नमुन्यांपैकी कोणाशीच जुळत नाही. अहवालात अनोळखी हात ठेवता येत नाही, ओळख पटवावी लागते. कोण असेल?"

"मला नाही माहीत," हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मनात एक नाव लख्ख उभं राहिलं.

"आणि एक," शर्वरी म्हणाली. "हा फोटो पाकिटात उलटा होता. चेहरे पाकिटाच्या चिकटवलेल्या बाजूला. खळ लागून उभी पिवळी रेघ आलीय, बघा. बाकीचे सगळे सुलटे आहेत."

हेमलताबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं.

नाव होतं विश्वास नलवडे. जुने कागद आणि फोटो दुरुस्त करणारे नलवडेसाहेब म्हणजे कडक शिस्तीचा माणूस. सकाळी आल्या आल्या पेट्या तपासणार, नाकावर माशी बसू देणार नाहीत. संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबणारेही तेच. वीसेक वर्षं हेमलताबाई त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसल्या. बोलणं सगळं कामाचं. फक्त एकदा हेमलताबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा न विचारता त्यांनी ती उचलली, पुस्तक शिवायच्या मेणदोऱ्याने टाके घातले आणि खाली ठेवून दिली. ती चप्पल हेमलताबाईंनी पुढे चार वर्षं वापरली. आठ वर्षांपूर्वी नलवडे नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले.

त्या संध्याकाळी क्वार्टरकडे चालत जाताना हेमलताबाईंना आपण कुठे वळलो तेही कळलं नाही. मनात एकच हिशेब चालू होता. चोवीस वर्षं. आपण फोटो ठेवून गेलो की कोणीतरी यायचं आणि आपण धरला तिथेच तो धरायचं. आपण एकट्या नव्हतोच तर! हे सत्तावन्नाव्या वर्षी कळतंय, माणूस गेल्यावर कळतंय, पण निदान कळतंय. असं असेल तर मागची सगळी वर्षं निराळी होतात. आणि नसेल तर? तर ती होती तशीच राहतात. त्यांना हे कळून घ्यायचंच होतं.

पण जुळवायला नलवड्यांचा नमुना हवा. त्यांची अवजारं संग्रहातच होती, हाडाची कागदपट्टी, दोन ब्रश, सुया, चिमटा. ती हेमलताबाईंनीच मागून घेतली होती, आणि दाखल करण्याआधी नियमाप्रमाणे स्पिरिटने स्वच्छ पुसली होती. एकदा नव्हे, तीनदा. दुसऱ्या दिवशी ती पेटी उघडून त्या बराच वेळ बसल्या. अवजारं चकचकीत होती. ज्या माणसाचा स्पर्श त्यांना आता हवा होता, तो त्यांनी स्वतःच कापसाच्या बोळ्यांनी टिपून कचऱ्यात टाकला होता, आणि रजिस्टरात लिहिलं होतं, 'स्वच्छता पूर्ण'.

रविवारी त्या तासगावला गेल्या. नलवड्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई तिथे एकट्याच राहत. दार उघडलं ते बासष्टीच्या, बुटक्या, लगबगीच्या बाईंनी.

"तुम्हीच काय त्या आवटीबाई! या की आत. ह्यांच्या बोलण्यात यायचं तुमचं नाव."

हेमलताबाई उंबऱ्यातच थांबल्या. "काय म्हणायचे?"

"म्हणायचे, आवटीबाई लोकांना शिकवतात, पण स्वतः मोजे नीट घालत नाहीत." उज्ज्वलाताई हसल्या. "बसा, चहा टाकते."

हेमलताबाईंनी कामाचं म्हणून सांगितलं ते खरंच होतं, फक्त अर्धं. संग्रहासाठी साहेबांच्या हाताचा नमुना हवा, त्यांची एखादी न धुतलेली, न पुसलेली वस्तू असेल तर. उज्ज्वलाताईंनी विचार केला. कपडे देऊन टाकले होते. घड्याळ मुलाने नेलं होतं आणि चांगलं पॉलिश करून घेतलं होतं. चष्मा रोज पुसला जायचा.

"हा फोटो आहे बघा," त्या शेवटी म्हणाल्या आणि भिंतीवरून एक तसबीर काढली. लग्नातला फोटो. "हे असताना हा ट्रंकेत असायचा, नुसताच, फ्रेम नव्हती. ते गेल्यावर मी लावला." त्यांनी पदराने काच पुसली. "तुमचं मशीन म्हणे सांगतं, कुणी किती वेळा हात लावला ते. पेपरात आलं होतं."

"हो."

"मग एक कराल? आमचं लग्न ठरवून झालेलं. बत्तीस वर्षं संसार केला. कधी वाईट बोलले नाहीत, पण चांगलं पण नाही ओ बोलले कधी. भाजी झकास झाली तरी नुसतं 'वाढ' म्हणायचे. मला एवढंच कळू दे, हा फोटो ते कधी काढून बघायचे का?"

हेमलताबाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या जे शोधायला आल्या होत्या ते सापडलं, तर या बाईंच्या घरातून जाणार होतं. आणि या बाई तेच उचलून त्यांच्या हातात देत होत्या.

"ताई, वाचलं की ते पुसलं जातं," त्यांनी सांगून पाहिलं. "साहेबांचा हात असला तरी मग राहणार नाही त्या कोपऱ्यात."

"पुसलं तर पुसलं. एवढी वर्षं होता, तो तरी मला कुठं दिसत होता?"

वाचन बुधवारी झालं. शर्वरीने खालचा उजवा कोपरा घेतला. चार तास यंत्र घुंई घुंई करत राहिलं आणि हेमलताबाई समोर स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी डबाही उघडला नाही.

"पुरुषाचा हात आहे," शर्वरी पडद्याकडे बघत म्हणाली. "बरेच वेळा. दोनशे साठ. पहिला लग्नाच्या वर्षातला, शेवटचा ते गेले त्या वर्षीचा. आणि अंगठा दर वेळी एकाच जागी, बायकोच्या पायाशी. चेहऱ्यावर हात पडू नये म्हणून तिथे धरत असणार. जाणकार माणूस."

"आणि चारशे सतरावरचा?"

शर्वरीने दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले. ठेवायची गरजच नव्हती, ते इतके वेगळे होते. "नाही जुळत, बाई. हा तो नव्हे."

हेमलताबाई "बरं" म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाज वाटली. मग त्या प्रसाधनगृहात गेल्या, तोंड धुतलं, आरशात न बघताच बाहेर आल्या.

तासगावला त्या दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेल्या. हे फोनवर सांगायचं नव्हतं. उज्ज्वलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. दोनशे साठ हा आकडा त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग तसबिरीतल्या बाशिंग बांधलेल्या तरुणाकडे वळून एकदम करवादल्या, "मग बोलायला काय झालं होतं ओ तुम्हाला?" आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागल्या. हेमलताबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. हा राग त्यांना ओळखीचा नव्हता. असं रागावायला समोर आपलं कोणीतरी असावं लागतं.

शुक्रवारी अहवालाचा विषय पुन्हा निघाला.

"सोमवारी द्यायचाय," शर्वरी म्हणाली. "यादीतल्या हयात नसलेल्यांपैकी उरलेले दोघे कोण?"

"देशिंगकर आणि शहा. दोघेही दोन हजार दहाच्या आधी निवृत्त झाले. हा हात त्यानंतरही वीस वर्षं आहे."

"मग यादीबाहेर कोणी आत यायचं का?"

"छे! रजिस्टरात सही केल्याशिवाय मी चिमणीला आत येऊ देत नाही."

शर्वरी तिशीतली, या विद्यापीठात नवी. इथे कोण मोजायचं आणि कोण नाही, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने सहज विचारलं, "आता पेट्या ट्रॉलीवर आपोआप येतात. ट्रॉली नव्हती तेव्हा कोण काढून द्यायचं? आणि परत कोण ठेवायचं?"

हेमलताबाईंनी यादी ओढून घेऊन पुन्हा वाचली.

दस्तगीर मुल्ला. सगळे त्यांना मामा म्हणत. अभिलेखागाराचे शिपाई, सत्तावीस वर्षं. सकाळी कुलूप उघडणारे तेच, संध्याकाळी लावणारे तेच. संग्रहातली प्रत्येक पेटी त्यांच्या हातून शेकडो वेळा खाली आली आणि वर गेली. पण वस्तू 'हाताळतात' ते अधिकारी आणि तंत्रज्ञ. शिपाई फक्त आणतो. हातमोजे त्याच हिशेबाने वाटले जात, आणि यादी करताना हेमलताबाईंच्या पेनालाही हाच हिशेब सुचला होता. मुद्दाम वगळलं असतं तर निदान काही विचार तरी केला असं म्हणता आलं असतं. मामा त्यांच्या डोक्यातच आले नव्हते.

मामा सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांच्या थोरल्या मुलाचं दुकान होतं. शनिवारी सकाळी हेमलताबाई तिथे पोचल्या तेव्हा मामा दाराबाहेर सतरंजीवर बसून वाळलेल्या भोपळ्यांवरची धूळ फडक्याने पुसत होते. दाढी पार पांढरी झाली होती.

"आवटीबाई?" त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "तुम्ही कशा काय आलासा? कोण गेलं का काय हापिसातलं?"

"कोणी गेलं नाही, मामा. सहज आले."

"बसा की वो, बसा." त्यांनी आत चहाची आरोळी ठोकली.

हेमलताबाई सतरंजीच्या कडेला बसल्या. आडवळणाने बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "मामा, चारशे सतरा नंबरचा फोटो आठवतो?"

"पायऱ्यांवरच्या पोरींचा? एकीचं तोंड हललेलं?"

"तोच. त्यावर तुमचे हात सापडलेत."

मामांचं फडकं थांबलं. चेहरा उतरला. "बाई, आम्हाला मोजे मिळतच नव्हते. मी हात शर्टाला पुसून मगच लावायचो. काय खराब झालं का त्याचं?"

"मी जाब विचारायला नाही आले," हेमलताबाई घाईने म्हणाल्या. "मला फक्त कळू दे. माझ्यामागून दर वेळी तुम्ही तो का काढायचात?"

मामांनी फडकं झटकलं. 

"तुम्ही डावखुऱ्या," ते म्हणाले. "पेटीची फीत तुमच्या हातची उलटी बसायची. पाच वाजता मी रांगा बघत यायचो, तवा लांबनंच कळायचं, आज बाईंनी तेरा नंबरात पेटी उघडली. पहिल्यांदा वाटलं, घाईत काय राहिलं का बघावं. उघडली तर फोटो पाकिटात उलटा. पोरींची तोंडं खळीकडं. आता तुम्हीच सगळ्यांना सांगायचा, तोंड खळीकडं करू नका, डाग पडतो. अंधाऱ्या बोळात उभ्याउभ्या घालायचा, डाव्या हातानं, त्यात तसा जायचा असंल. मग मी सुलटा करून ठेवायचो. फीत पण सरळ बांधायचो. सकाळी नलवडेसाहेब पेट्या बघायचे ना. त्यांना घावलं असतं तर तुमची धडगत नव्हती."

"आणि साहेब गेल्यावर?"

"मग सवय लागली होती."

"चोवीस वर्षं, मामा?"

"चोवीस झाली व्हय?" मामांनाच नवल वाटलं.

"मग मला एकदा सांगायचं तरी होतंत! मी नीट ठेवला असता."

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायचंच सोडलं असतं," मामा म्हणाले. "एकदा दारातनं दिसला होता तुम्ही. फोटो हातात घेऊन हसत होता. इतक्या वर्षांत तुम्हाला हसताना मी तेवढंच बघितलं. म्हटलं, असू दे. आपलं काय जातंय?"

हेमलताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही. आपल्याकडे कोणी बघत नाही, हे त्यांनी इतकं पक्कं धरलं होतं की त्यावर अख्खं आयुष्य रचलं होतं. बघणारा माणूस रोज त्यांच्याच दाराचं कुलूप उघडत होता.

"मामा, फोटोंना हात लावणाऱ्यांची यादी मागितली होती. ती मी केली," त्या म्हणाल्या. बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "तुमचं नाव घातलं नाही. विसरले असंही नाही. मला सुचलंच नाही."

 हातातला भोपळा मामांनी फिरवून फिरवून पुसला, पुसलेली बाजू पुन्हा पुसली. लागलं होतं त्यांना. नाही म्हणायला काही जागा नव्हती.

"सोमवारी अहवालात घालते," हेमलताबाई हळूच म्हणाल्या. "तुमचंही, माझंही. जे काय व्हायचं ते होऊ दे."

"माझं नाव घालून आता काय करायचंय?" मामा म्हणाले. मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "घाला पण. दस्तगीर बाबालाल मुल्ला. पुरं घाला."

चहा आला. दोघांनी तो प्यायला. समोरच्या दुकानात कोणी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सुरात आणत होतं.

"आता कोण सुलटा करतं मग?" मामांनी विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही गेल्यापासून उलटाच आहे. पेट्या तपासत नाही आता कोणी. पिवळी रेघ आलीय उभी."

"रेघ आली?" मामांनी कप खाली ठेवला. "कुठनं? त्या हसऱ्या पोरीवरनं?"

"तिच्या खांद्यावरून. चेहरा वाचलाय."

"सात वर्षं खळीला तोंड लावून ठेवली पोर! चला, चला बघू." त्यांनी सतरंजीवरून उठायची खटपट सुरू केली. "शनवारी एकपर्यंत उघडं असतंय न्हवं?"

"असतं."

मामांना एका दमात उठता येईना. हेमलताबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. क्षणभर मामा त्या हाताकडे बघत राहिले. मग स्वतःचा तळवा शर्टाला पुसला आणि त्यांचा हात धरला. मामांचा हात खरबरीत होता, कोमट होता आणि त्याला चांगलं वजन होतं. फोटोच्या कडेवर हे दोन हात चोवीस वर्षं एकावर एक पडत आले होते, आणि एकमेकांना आज पहिल्यांदा लागत होते.

"गुडघा जाम कुरकुरतोय," मामा म्हणाले आणि हेमलताबाईंच्या हातावर सगळा भार टाकून उभे राहिले.